उजव्या बाजूचा ओरखडा

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "पाटणकर, तुम्ही जन्मभर ठोकलेल्या गाड्या बघितल्यात. त्यातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं."

मी हो म्हटलं. गमती पुष्कळ आहेत. एका गृहस्थांच्या गाडीला म्हशीने धडक दिली होती. म्हणजे त्यांनी तसं लिहून दिलं होतं. गाडी बघायला गेलो तर दाराला चेपलेल्या जागी हिरवा रंग लागलेला. त्यांच्या घराचं फाटक हिरवं. मी फक्त एवढंच विचारलं, "म्हैस कोणत्या रंगाची होती?" गृहस्थ म्हणाले, "चहा घेणार ना?" दुसरे एक जण अपघातग्रस्त गाडीला आधी हार घालायचे, लिंबू-मिरची बांधायचे आणि मगच मला फोटो काढू द्यायचे. तीन वेळा त्यांची गाडी मी बघितली, तिन्ही वेळा फोटोत झेंडूचा हार आहे.

असं लिहीत बसलो होतो. दोन पानं झाली. मग कागद बाजूला ठेवला. ज्या एका कामाबद्दल मला लिहायला हवं ते टाळण्यासाठी मी ही म्हैस आणि हे हार पुढे करतोय, हे माझं मलाच कळत होतं.

आधी धंदा काय ते सांगतो. मी मोटार सर्व्हेअर होतो. गाडीला अपघात झाला की विमा कंपनी आमच्यासारख्या परवानाधारक माणसाला पाठवते. आम्ही कंपनीचे नोकर नसतो. गॅरेजमध्ये जायचं, गाडी बघायची, फोटो काढायचे, चालकाचा जबाब घ्यायचा आणि अहवाल द्यायचा. काय मोडलं, काय दुरुस्त होईल, काय बदलावं लागेल. बाहेरच्यांना वाटतं एवढंच काम. पण अहवालात एक रकाना असतो, 'अपघाताचे कारण'. त्या रकान्यातल्या दोन-तीन ओळी पुढे फार लांब जातात. कोणी जखमी झालं असेल तर प्रकरण मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात उभं राहतं, आणि तिथे तो रकाना मोठ्याने वाचून दाखवतात.

माझे वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. पत्र्यावरचा ओरखडा वाचायला त्यांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. ओरखड्यावरून बोट फिरवायचं. एका दिशेने गुळगुळीत लागतं, उलट दिशेने खरखरीत. रंग जिथे साचलेला असतो तिथे घासणं संपलेलं असतं. त्यावरून घासणारी वस्तू कुठून आली आणि कुठे गेली ते कळतं. बडोद्यातल्या गॅरेजवाल्यांमध्ये माझं नाव होतं ते या बोटामुळे. "पाटणकरसाहेब हात फिरवतात आणि सांगतात," असं ते म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं.

आता एक नियम. एका गाडीने दुसरीला मागून धडक दिली की चूक मागच्याची. याचं कारण सोपं आहे. पुढचा कधीही थांबू शकतो, म्हणून मागच्याने आपल्याला थांबता येईल इतकं अंतर ठेवायचं असतं. बहुतेक वेळा हे खरं असतं. पण एक अपवाद आहे. शेजारच्या लेनमधून कोणी अचानक तुमच्या पुढ्यात घुसला, तर तुम्ही राखलेलं अंतर त्याने खाऊन टाकलेलं असतं. तुम्ही त्याच्या मागे होता खरं, पण मागे राहायला तुम्हाला वेळच मिळालेला नसतो. अशा वेळी चूक घुसणाऱ्याची.

ओळखायचं कसं? दोन आगपेट्या घ्या. एकीमागे एक सरळ ठेवून मागची पुढे ढकला. तोंड पाठीला लागेल, पूर्ण रुंदीभर. आता पुढची तिरकी ठेवा, आत वळत असल्यासारखी. मागची ढकलली की तिचा एक कोपरा पुढचीच्या कोपऱ्याला लागेल आणि तिच्या बाजूवरून घासत जाईल. सरळ पुढे चाललेल्या गाडीच्या बाजूवर मागच्या गाडीचा ओरखडा येऊच शकत नाही. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना मी हे चहाच्या टेबलावर करून दाखवत असे.

सात-आठ वर्षं झाली असतील. उन्हाळ्याचे दिवस. वंदना खोपकर नावाच्या शिक्षिका, वय चाळिशीच्या पुढे, आपल्या आईला घेऊन हालोलहून बडोद्याला येत होत्या. मावसबहिणीच्या मुलीचं केळवण होतं. दुपारचे चार वाजलेले. हालोल रस्ता तुम्हाला माहीत असेल, मध्ये दुभाजक, दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन. वंदनाबाई उजव्या लेनमध्ये होत्या. त्यांची छोटी लाल गाडी एका मोठ्या पांढऱ्या गाडीला मागून धडकली. पांढऱ्या गाडीचे मालक किरीटभाई, फरशांचं मोठं दुकान असलेले, गाडीत एकटेच. त्यांना काही झालं नाही. वंदनाबाईंचं मनगट मोडलं. त्यांच्या आईचं, सुमतीबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं.

किरीटभाईंच्या विमा कंपनीने मला नेमलं. दोन्ही गाड्या बघून कारण ठरवायचं होतं.

मी आधी वंदनाबाईंची गाडी बघितली. बडोद्याच्या वाडी भागातल्या एका गॅरेजमध्ये ती आणून ठेवली होती. डावीकडचा दिवा फुटलेला, डावा कोपरा आत गेलेला. उजवीकडचा दिवा धड होता, काचेवर तडासुद्धा नाही. वंदनाबाई हात गळ्यात बांधून तिथे आल्या. माझं आडनाव ऐकल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला.

"तुम्ही मराठी? बरं झालं. पोलिसांना सांगताना माझी फार त्रेधा उडाली. गुजराती बोलते मी, पण असं काही सांगायचं म्हटलं की आपलीच भाषा तोंडात येते."

"सांगा, काय झालं?"

"खरं सांगू का, मला नीट आठवत नाही," त्या म्हणाल्या. "ती गाडी आधी माझ्यासमोर नव्हती असं वाटतं. डावीकडे असावी. मग एकदम समोर होती. पण आई जिलबीबद्दल काहीतरी बोलत होती, माझं लक्ष क्षणभर तिकडे गेलं असेल. कदाचित मी ब्रेक उशिरा मारला. माझीच चूक असेल हो. मी कशी नाही म्हणू?"

मी लिहिलं: 'चालकाने ब्रेक उशिरा लावल्याचे मान्य केले.'

हे वाक्य मी आजवर कितीदा आठवलं असेल. त्या बाईंनी एका मराठी माणसासमोर मन मोकळं केलं. आपली शंका, आपली भीती, सगळं सांगितलं. त्यातलं 'वाटतं', 'असावी', 'कदाचित' मी गाळलं आणि उरलेलं त्यांच्याच विरुद्ध लिहून घेतलं. मला ते तेव्हा चलाखीचं वाटलं होतं.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात सुमतीबाईंना भेटलो. पंचाहत्तरीच्या असतील. पायाला वजन लावलेलं, तरी आवाज खणखणीत.

"लिहून घ्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी पुढेच बसले होते. ती पांढरी गाडी डाव्या बाजूला एका ट्रकच्या मागे रखडली होती. ट्रकला कंटाळला तो, आणि आला आमच्या पुढ्यात. दिवासुद्धा दाखवला नाही. वंदीने ब्रेक मारला हो, पण त्याने जागाच ठेवली नव्हती."

मी विचारलं, "आजी, डोळ्यांना काही त्रास?"

"महिन्यापूर्वी मोतीबिंदू काढला. आता लख्ख दिसतं. भिंतीवरचं ते कॅलेंडर वाचून दाखवू?"

मी नको म्हटलं. बाहेर येऊन वहीत टिपण केलं: 'वृद्ध, डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, मुलीची बाजू घेतात.' त्यांचा जबाब अहवालाला जोडला नाही. मोतीबिंदू काढलेला डोळा माझ्या चष्म्यापेक्षा चांगला बघतो हे न कळण्याइतका मी अडाणी नव्हतो.

घरी येऊन अहवाल लिहून टाकला. मागून धडक, सुरक्षित अंतर राखले नाही, चालकाची कबुली. पांढरी गाडी अजून बघायची होती, पण तिथे काय असणार, तिची पाठ चेपलेली असणार. कंपनीतले लोक म्हणायचे, "पाटणकरसाहेबांचा अहवाल म्हणजे पहिल्या फटक्यात पक्का, खाडाखोड नाही." या कौतुकाची मला सवय लागली होती.

दुसऱ्या दिवशी पांढरी गाडी बघायला गेलो. किरीटभाई स्वतः हजर होते. स्वच्छ कपडे, हात जोडून "जय श्री कृष्ण". त्यांना सगळं नीट आठवत होतं. "साहेब, हुं मारी लेनमां ज हतो. चाळीसच्या स्पीडने. पाछळथी धडाम. बेन मोबाईलमां हतां." मी माझ्याच लेनमध्ये होतो, मागून धडक बसली, बाई मोबाईलमध्ये होत्या. त्यांच्या बोलण्यात एकदाही 'बहुतेक' किंवा 'वाटतं' आलं नाही.

मी गाडीला वळसा घातला. मागचा बंपर फक्त उजव्या कोपऱ्यात फुटलेला होता. डावीकडून मधोमधपर्यंत त्याला काही झालं नव्हतं. आणि त्या कोपऱ्यापासून एक ओरखडा गाडीच्या उजव्या बाजूवर चढला होता, चाकावरून पुढे, थेट मागच्या दाराच्या कडेपर्यंत. त्यात लाल रंग होता. मी बोट फिरवलं. मागून पुढे गुळगुळीत. पुढून मागे खरखरीत. दाराच्या कडेला लाल रंगाची बारीक गाठ साचली होती.

मला कळलं. ते कळायला मला काही वेळ लागला नाही. ही गाडी सरळ चालली नव्हती. ती डावीकडून तिरकी आत येत होती, अजून पूर्ण आत आलीही नव्हती, तेवढ्यात वंदनाबाईंचा डावा कोपरा तिच्या उजव्या कोपऱ्याला लागला होता. दवाखान्यातल्या त्या आजींनी अक्षरशः हेच सांगितलं होतं. चाळीसच्या स्पीडने, ट्रकच्या चालीने, तो वेगाच्या लेनमध्ये शिरला होता.

मी फोटो काढला. तो नववा फोटो.

"साहेब, तमने तो जोतांवेंत खबर पडी जाय," किरीटभाई मागून म्हणाले. बघता क्षणी तुम्हाला कळतं.

मी हसलो.

इथे वाचणारा विचारेल, काही घेतलं का? एक कप चहा घेतला. कोणी काही देऊ केलं नाही, दबाव आणला नाही. तसं काही असतं तर मला दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवता आलं असतं. खरं कारण एवढं क्षुल्लक आहे की लिहिताना लाज वाटते. माझा अहवाल लिहून झाला होता. तो बदलायचा म्हणजे हालोल रस्त्यावर जाऊन जागा बघायची, टोलनाक्यावर चौकशी करायची, तो ट्रक शोधायचा, आजींचा जबाब पुन्हा घ्यायचा आणि ज्या कंपनीने मला नेमलं तिच्याच ग्राहकाची चूक आहे हे तिला सांगायचं. आणि मुख्य म्हणजे पाटणकरांनी आधी चुकीचं लिहिलं होतं हे स्वतःशी मान्य करायचं. त्यापेक्षा एक शक्यता शोधून काढणं सोपं होतं. शेवटच्या क्षणी वंदनाबाईंनी गाडी उजवीकडे वळवली असेल, म्हणून कोपरा लागला असेल. पण उजवीकडे दुभाजक होता. गाडी तशी वळली असती तर उजवी चाकं दुभाजकाला घासली असती. ती चाकं मी आदल्या दिवशी बघितली होती. त्यांच्यावर एक रेघही नव्हती.

अहवालाला आठ फोटो जोडले.

पुढे सुमतीबाईंचं प्रकरण न्यायाधिकरणात गेलं. त्यांच्या दुखापतीला जबाबदार कोण हे ठरायचं होतं. किरीटभाईंच्या कंपनीने मला साक्षीला बोलावलं. मी शपथ घेतली. वंदनाबाईंच्या बाजूचे वकील तरुण होते, पण त्यांना काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी विचारलं, "पांढऱ्या गाडीच्या बाजूवर काही खूण होती का?"

मी म्हणालो, "नोंद घेण्यासारखी नव्हती."

"तुम्ही काढलेले सगळे फोटो इथे आहेत?"

"आवश्यक ते सगळे आहेत."

या धंद्यात शब्द कसे वापरायचे ते मला चांगलं येत होतं. ते वकील खाली बसले.

सगळी चूक वंदनाबाईंची ठरली. त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात त्या माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता या मला काहीतरी बोलणार. त्या म्हणाल्या, "साहेब, तुमचे आभार मानायचे होते. माझ्या मनात सारखं यायचं, ती गाडी मध्ये आली होती की काय. आई तर तसंच म्हणत बसते. पण तुम्ही इतक्या गाड्या बघितलेले, तुम्ही सांगितलंत म्हटल्यावर माझा गोंधळ मिटला. चूक माझी आहे, एवढं तरी आता पक्कं कळलं."

मी म्हणालो, "काळजी घ्या." आणि जिना उतरलो.

त्यांचं पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. बडोद्यातली मराठी माणसं एकमेकांना कुठे ना कुठे भेटतातच. पोलिसांतली केस चालू होती म्हणून शाळेत मुख्याध्यापिकेची जागा त्यांच्या हातची गेली. सुमतीबाई पुन्हा चालल्या नाहीत. वंदनाबाईंचा भाऊ शिरीष सुरतेला असतो. तो आला आणि म्हणाला, "तुझ्या भरवशावर आईला ठेवलं होतं." आईला तो घेऊन गेला. बहिणीशी त्याने बोलणं सोडलं. वंदनाबाई दर रविवारी रेल्वेने सुरतेला जायच्या, आईजवळ बसायच्या, परत यायच्या. भावजय चहा द्यायची, भाऊ दुसऱ्या खोलीत. अशी चार वर्षं गेली आणि आई वारली. वंदनाबाईंनी परत कधी गाडी चालवली नाही.

हे सगळं कळत असूनही मी काही केलं नाही. निवृत्त झालो. बायकोला घेऊन दक्षिणेत फिरून आलो. फोटो विसरलो होतो असं मी म्हणू शकलो असतो, पण विसरलो नव्हतो. तो कॉम्प्युटरमध्ये कुठे आहे तेही मला माहीत होतं.

या वर्षी गणपतीच्या आधी वाडीत पूजेचं सामान घ्यायला गेलो होतो. दुकानात वंदनाबाई उभ्या. केस पांढरे झालेले. त्यांनीच ओळखलं. सोबतच्या शेजारणीला म्हणाल्या, "हे पाटणकरसाहेब. माझ्या केसमध्ये यांनी साक्ष दिली होती. आपल्यातले असूनही माझी बाजू घेतली नाही, जे होतं ते सांगितलं. अशी सचोटीची माणसं आता कुठे दिसतात?"

त्या हे मनापासून बोलत होत्या. मी कापूर न घेताच दुकानातून बाहेर पडलो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिला हे काहीच माहीत नव्हतं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्यांचं घर माहीत आहे?"

चार दिवसांनी फोटो मोठा करून घेतला आणि वंदनाबाईंच्या घरी गेलो. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. त्यांना आश्चर्य वाटलं, पण पाणी आणलं, पंखा लावला. मी फोटो टेबलावर ठेवला.

"ही कुठली गाडी?" त्यांनी विचारलं.

"किरीटभाईंची. तुमच्या अपघातानंतरची."

त्यांनी चष्मा लावला. "हा लाल रंग माझ्या गाडीचा?"

"हो."

मी त्यांना सांगितलं. ओरखडा कुठून सुरू होतो, कुठे संपतो, त्याचा अर्थ काय. त्या गणित शिकवत असत, दोन वाक्यांत त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"फोटो काढला तेव्हाच."

त्यांनी फोटो जवळ ओढला. मला वाटलं होतं त्या रडतील, ओरडतील, मला घालवून देतील. मी त्या सगळ्याची तयारी करून गेलो होतो. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आई सांगायची. शेवटच्या रविवारीसुद्धा म्हणाली, वंदी, तो आत घुसला होता गं. आणि मी तिला म्हटलं, आई, आता पुरे, माझी बाजू घेऊन खोटं बोलू नकोस. तज्ज्ञ माणसाने सांगितलंय." त्यांनी चष्मा काढला. "ती गप्प बसली. नंतर बोललीच नाही त्याबद्दल."

मी म्हणालो, "माझी चूक—"

"थांबा," त्या म्हणाल्या. उठून कपाटातून दोन फुलस्केप कागद आणि पेन आणलं. "हे लिहून द्या."

"कायद्याने आता कितपत उपयोग होईल ते मला वकिलांना विचारावं लागेल."

"कायद्याचं नंतर बघू. शिरीषला वाचायला हवं."

मी लिहायला बसलो. हात सवयीने चालू लागला. 'सदर वाहनाच्या उजव्या बाजूवर ओरखडा असल्याचे निदर्शनास आले होते, तथापि अनवधानाने त्याचा उल्लेख अहवालात होऊ शकला नाही.'

त्या माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. "कोणाच्या निदर्शनास आलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या."

"मग तसं लिहा. 'मी पाहिला.' आणि अनवधानाने म्हणजे काय? लक्ष नव्हतं तुमचं?"

"होतं."

"मग तो शब्द खोडा. 'होऊ शकला नाही' पण खोडा. 'मी केला नाही' असं लिहा."

मी खोडलं. दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं. पांढरी गाडी बघण्याआधीच मी अहवाल लिहिला होता. मी ओरखडा पाहिला. मी त्याचा फोटो काढला. तो मी लपवला. सुमतीबाईंनी मला खरं सांगितलं होतं, ते मी लिहून घेतलं नाही. न्यायाधिकरणात शपथेवर मी खोटं बोललो. आत घुसणाऱ्या गाडीची चूक होती, वंदनाबाईंची नव्हती. अशी वाक्यं मी आयुष्यात लिहिली नव्हती. प्रत्येक वाक्याला कर्ता होता आणि तो मी होतो. खाली सही केली, तारीख घातली.

त्यांनी मोबाईलवर कागदाचा आणि ओरखड्याचा फोटो काढून भावाला पाठवला. बाहेर भंगारवाला हाक देत चालला होता. काही मिनिटांनी फोन वाजला. त्यांनी उचलला. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. त्या "हं" म्हणाल्या, पुन्हा "हं" म्हणाल्या, आणि मग, "अरे, मीपण नव्हता ठेवला रे आईवर विश्वास. तू एकटा नाहीस." फोन घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी बसून राहिलो. जावं की थांबावं कळेना. अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या, तोंड धुतलेलं होतं.

"तुम्ही अजून आहात?" त्या म्हणाल्या. रागाने नाही. मी तिथे आहे हे त्या विसरून गेल्या होत्या.

मी उठलो. माफी मागितली. ती मिळावी अशी अपेक्षा करण्याचा मला हक्क नव्हता. दारापर्यंत आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "मागून धडक म्हणून असे किती अहवाल लिहिलेत तुम्ही?"

"पुष्कळ."

"सगळे असेच, आधी लिहून मग गाडी बघायची?"

"सगळे नाही. काही."

"मग ते शोधा," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

त्यानंतर मी वकिलांना भेटलो. न्यायाधिकरणात आणि कंपनीत माझा जबाब लेखी दिला आहे. कंपनीकडून एका ओळीचं उत्तर आलं, 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.' न्यायाधिकरणाकडून बोलावणं आलं तर जाईन. खोट्या साक्षीबद्दल जे व्हायचं ते होईल. किरीटभाईंकडेही गेलो. फोटो बघून ते गोंधळून गेले. "काका, सोगंदथी कहुं छुं, मने तो एम ज के हुं मारी लेनमां हतो," ते म्हणाले. शपथेवर सांगतो, मला तर वाटत होतं मी माझ्याच लेनमध्ये होतो. मला वाटतं ते खरं बोलत होते. आपण कसे शिरलो हे त्यांना त्या दिवशीही कळलं नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं.

जुने अहवाल मी माळ्यावरून काढले आहेत. मागून धडकेचे वेगळे केले, आणि ज्यांत फक्त एकच कोपरा चेपला आहे ते त्यातून वेगळे केले. बायको फोटो बघते आणि मला विचारते, "इथे बाजूला हे काय आहे?" काही ठिकाणी काही नाही. काही ठिकाणी आहे.

गेल्या आठवड्यात त्यातल्या पहिल्या माणसाकडे गेलो. पाणीगेटच्या आतल्या गल्लीत राहणारे युसूफभाई. रिक्षा चालवत असत. टेम्पोला मागून धडक, असा माझा अहवाल. गल्लीत दोघांना विचारत घर सापडलं. एका म्हाताऱ्या माणसाने दार उघडलं. एका पायाने लंगडत होते. मी नाव सांगितलं. त्यांना ओळख पटली नाही.

मी म्हणालो, "युसूफभाई, बहुत साल पहले आपकी रिक्षा एक टेम्पो से टकराई थी. उसके बारे में बात करनी है."

ते दार धरून उभे राहिले. माझ्याकडे निरखून बघितलं, त्यांना आठवलं, आणि मग एखाद्या अधिकाऱ्यासमोर उभं राहावं तसे जरा सावरून म्हणाले, "उसमें तो गलती मेरी ही थी, साहब. आप ही ने तो लिखा था."